संरक्षित जंगलाच्या कडेची गावं: कुंपण, गोठा की भरपाई? पैसा आधी कशावर घालावा?

कडेचा_माणूस

संरक्षित जंगलाच्या हद्दीला लागून असलेल्या काही वस्त्यांसाठी आराखडा लिहायचा आहे. जंगल राखलं, प्राणी वाढले, हे चांगलंच झालं. पण त्याची किंमत सगळा तालुका मोजत नाही, पहिल्या रांगेतली घरं मोजतात. त्रास तीन प्रकारचा आहे: पिकात हत्ती आणि रानडुक्कर, गोठ्यातल्या शेळ्या-मेंढ्यांवर बिबट्या, आणि संरक्षण आल्यापासून बंद झालेली चराई, सरपण, मध. निधी एकदाच मिळणार आहे, दरवर्षी नाही.

१. एकदाच मिळणारा पैसा सौरकुंपण, मधपेट्यांचं कुंपण आणि पक्के गोठे यांपैकी कशावर घालावा?
२. गावपातळीवरचा भरपाईचा किंवा विम्याचा निधी टिकतो का? कुठे टिकला आणि कशामुळे?
३. पर्यटनाच्या उत्पन्नातला वाटा द्यायचा तर किती, आणि कोणाच्या हातात?

"स्थानिकांना विश्वासात घ्यावे" हे प्रत्येक अहवालात असतं, ते नको. खांब किती अंतरावर, बिघाड कुठे होतो, पैसा कुठे अडतो, असं हवं आहे.

तारवाला

कुंपणाचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

कुठलं कुंपण हा प्रश्न नंतरचा. आधी ते कुठून न्यायचं ते ठरवा. पुष्कळ आराखड्यांत तार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीवरून जाते, कारण नकाशावर ती रेघ आयती मिळते. श्रीलंकेत हेच झालं. बऱ्याच ठिकाणी तारेच्या दोन्ही अंगांना जंगलच, आणि दोन्हीकडे हत्ती. अशा तारेकडे कोणी फिरकत नाही आणि हत्ती ती निवांत मोडतो. तिथे मग वेगळी पद्धत बसवली गेली. वस्तीभोवतीची तार कायमची. शेताभोवतीची हंगामी, म्हणजे पेरणीला उभी करायची आणि कापणी झाली की गुंडाळून ठेवायची. कापणीनंतर हत्ती धसकटं खायला आले तर येऊ देत. देखभाल शेतकऱ्यांच्या मंडळाकडे, आणि तार रोज डोळ्यांसमोर.

आता यंत्र. झटका-मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देतं, आणि तो ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. व्होल्ट हजारोंनी असले तरी ऊर्जा मोजकी असते, आंतरराष्ट्रीय मानकात ५ ज्यूलची मर्यादा आहे. म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. घरातली लाईन थेट तारेला जोडणं म्हणजे खून. तिथे प्रवाह सलग असतो, स्नायू आखडतात, तार सुटत नाही. हत्ती मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारीही मरतो. आराखड्यात याची वेगळी ओळ हवी: झटका-मशीन प्रमाणित असेल तरच पैसे.

रानडुकरासाठी तारा जमिनीपासून २० आणि ४५ सेंटिमीटरवर, वाटल्यास तिसरी ७५ वर. डुकराच्या अंगावरच्या राठ केसांतून झटका नीट लागत नाही, तो नाकाला लागला पाहिजे. म्हणून खालच्या तारेची उंची सगळ्यात महत्त्वाची. खांब ४-५ मीटरवर, जमीन उंचसखल असेल तर आणखी जवळ. घळ किंवा पाट आडवा आला की तिथे तार वर राहते आणि डुक्कर नेमकं तिथूनच घुसतं. तिथे वेगळी तार खाली सोडा.

हत्तीच्या कुंपणाला खांब ८-१० मीटरवर चालतात, पण हत्ती तारेला हात लावत नाही, खांब ढकलतो. सुळ्यातून वीज जात नाही हेही त्याला कळतं, सुळ्यावर घेऊन तार तोडतो. झाड ढकलून तारेवर पाडल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून खांबालाच वीज हवी. खांबाभोवती इन्सुलेटरवरून जिवंत तार फिरवायची आणि तिची आखूड टोकं बाहेर काढायची. तारेच्या बाहेरच्या बाजूचं वाकलेलं झाड आधी तोडा.

कुंपण बंद पडतं ते पुढच्या कारणांनी, याच क्रमाने:

अर्थिंग. लोक तारेवर खर्च करतात आणि जमिनीत एकच सळई ठोकतात. किमान तीन सळया, प्रत्येकी दीड ते दोन मीटर खोल, एकमेकींपासून ३ मीटरवर. तपासायचं असं: यंत्रापासून शंभरेक मीटरवर तारेला लोखंडी सळया टेकवून जमिनीत रोवा, तारेतला दाब २,००० व्होल्टच्या खाली येईपर्यंत. मग अर्थिंगच्या शेवटच्या सळईवर मीटर लावा. तिथे ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग अपुरं आहे, सळया वाढवा. कोरड्या, मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात सळयाही पुरत नाहीत. तिथे एक तार जिवंत, एक तार अर्थची, अशी आलटून पालटून ओढावी लागते.

गवत. पावसाळ्यात खालच्या तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो. दोन्ही बाजूंनी एकेक मीटर पट्टा साफ हवा.

सांधे. तांब्याची तार जस्त चढवलेल्या लोखंडी तारेला जोडली की सांधा गंजतो. एकाच धातूचा जोड द्या, क्लॅम्पने आवळा.

बॅटरी. साध्या आम्ल-बॅटरीचं आयुष्य तीन-पाच वर्षं धरा, आणि मोटारीची बॅटरी वापरू नका, ती रोज खोलवर उतरवण्यासाठी बनलेली नसते. पॅनेल आणि बॅटरी चोरीला जातात, म्हणून यंत्र शेताच्या कोपऱ्यात न ठेवता वस्तीत, भिंतीवर, कुलपात.

शेवटच्या खांबावर रोज संध्याकाळी व्होल्ट मोजून वहीत लिहायचे. ५,००० च्या खाली गेलं तर हत्तीसाठी ती तार नुसती दोरी. आणि भांडवलाच्या किमान दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला बाजूला पडत नसेल तर कुंपण घेऊच नका. एकरकमी निधीत सगळ्यात आधी मरतं ते कुंपणच.

रानपाखरू

अर्थिंगची तपासणी नेमकी दिलीत, सहसा कोणी सांगत नाही.

मधपेट्यांच्या कुंपणाबद्दल उत्साह फार आहे, म्हणून त्याच्या मर्यादा आधी. ही पद्धत केनियात त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानालगतच्या सगल्ला भागात संशोधक लुसी किंग यांनी शेतकऱ्यांबरोबर उभी केली. पेट्या १० मीटरवर टांगायच्या, एक खरी, एक खोटी, अशा आलटून पालटून. खोटी म्हणजे प्लायवूडचा नुसता तुकडा. एक एकराला १२ खऱ्या आणि १२ खोट्या. पेटी दोन खांबांमध्ये तारेने लोंबती, वर सावलीचं छप्पर, उंची माणसाच्या छातीएवढी, म्हणजे तपासता येते. सगळ्या पेट्या एका तारेने जोडलेल्या. हत्तीने दोन पेट्यांमधून घुसायचा प्रयत्न केला की तार ताणली जाते, पेट्या हलतात, माश्या बाहेर पडतात. तिथल्या अभ्यासात शेताशी आलेल्या हत्तींपैकी सुमारे ८० टक्के परत फिरले.

बिघाड कुठे होतो? पेट्या रिकाम्या राहतात. दुष्काळाच्या वर्षी फुलोरा नाही, माश्या पोळं सोडून जातात, आणि हत्ती शेतात यायचा दाब त्याच वर्षी सर्वांत जास्त असतो. उपाय दोन: जवळ पाण्याची उथळ भांडी, आणि वर्षभर काही ना काही फुलत राहील अशी झाडं बांधावर. दुसरं, आफ्रिकी मधमाशी चिडखोर आहे. आशियातली सातेरी तितकी आक्रमक नाही, त्यामुळे ते ८० टक्के आशियाई हत्तींच्या आराखड्यात जसेच्या तसे उचलू नका. तिसरं, पेट्यांचं काम येणारे दोन-तीन जण वस्तीत नसतील तर हे कुंपण एका हंगामात कोरडं पडतं. मध मिळतो ही जमेची बाजू खरी, पण मध काढण्याच्या हावेपायी पोळं उपाशी ठेवलं तर कुंपणही जातं.

डुकराला या कुंपणाचा उपयोग नाही. खालून निघून जातं.

मिरचीबद्दल थोडक्यात. वाळकी मिरची कुटून वंगणात कालवायची, दोरीला आणि दोरीवरच्या फडक्यांना फासायची. मोठा पाऊस झाला की पुन्हा फासा. दुसरा प्रकार शेणात मिरची कालवून वाळवलेल्या विटांचा. त्या रात्री वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाळायच्या. वारा फिरला की धूर राखणदाराच्याच डोळ्यांत. झिंबाब्वेत हे बरंच वापरलं गेलं. स्वस्त आहे, पण रोजचं काम आहे. जुनं इंजिन ऑईल वापरू नका, ते शेताच्या मातीत उतरतं.

मेंढवाडा

निधी एकदाच मिळणार असेल तर माझं मत सरळ आहे: गोठे आधी. एकदा नीट बांधला तर वर्षानुवर्षं टिकतो, बॅटरी नाही, गवत कापायला नको.

बिबट्यासाठी छप्पर हवंच. भिंत कितीही उंच करा, वर उघडं असेल तर तो आत उतरतो. एकदा आत उतरला की बंद जागेत बिथरलेल्या शेळ्या इकडे तिकडे पळतात, आणि पळणारं जनावर दिसलं की तो मारत सुटतो. खाणं एका शेळीचं, मेलेल्या वीस. हिमबिबट्याच्या मुलखातही हेच. लडाखमध्ये हिवाळी कोंडवाड्यांच्या छपराला आणि झरोक्यांना जाळी बसवणं, चपखल दार लावणं, एवढ्यावरच रात्रीच्या मोठ्या कत्तली आटोक्यात आल्या. घराला एका रात्रीत भिकेला लावणारं नुकसान हेच असतं आणि त्याच रागातून विष घातलं जातं. म्हणून पैशाचा पहिला मान याला.

बांधताना:

जाळी साखळीची किंवा वेल्डची, बाजूने २ मीटरच्या वर, आणि छपरालाही तीच. छपराला नुसता पत्रा टाकला तर पत्रा आणि भिंत यांच्यातली फट बुजवा, घुसखोरी तिथूनच होते.

खाली जाळी ३० सेंटिमीटर जमिनीत पुरा किंवा बाहेरून दगडांची रांग द्या. लांडगा, तरस उकरतात.

दार हे सगळ्यात कच्चं अंग. बिजागऱ्या हलक्या, खाली फट, कडीऐवजी दोरी. चौकट लोखंडी हवी, फट मुठीपेक्षा कमी हवी.

शेळीला एक-दीड चौरस मीटर जागा. कमी दिली तर लोक दाटीला कंटाळून काही जनावरं बाहेर बांधतात, आणि बिबट्या तीच नेतो. हवा खेळती ठेवा, नाहीतर रोगाने जास्त मरतील.

सिंहाच्या मुलखात गणित थोडं निराळं. तिथे सिंह बाहेरून घिरट्या घालतो, गुरं बिथरून कुंपण आतून फोडतात आणि बाहेर त्याच्या तोंडी पडतात. म्हणून आरपार न दिसणारी, दाट भिंत बरी. टांझानियात मसाई भागात जिवंत झाडांचेच खांब करून त्यांना साखळीची जाळी ठोकतात. खांब वाळवीने पडत नाही, उलट वर्षागणिक मजबूत होतो. लाकडाची तोडही वाचते.

लुकलुकते दिवे, पुतळे, आवाज या सगळ्याला प्राणी सरावतात. जागा आणि वेळ बदलत राहिलात तर काही महिने मिळतात. बोत्स्वानात ओकावांगोच्या परिसरात एक गमतीदार प्रयोग झाला. गुरांच्या मागच्या बाजूला, पुठ्ठ्यावर, डोळे रंगवले. चार वर्षांत डोळे रंगवलेल्या ६८३ जनावरांपैकी एकही हिंस्र श्वापदाने मारलं नाही. काहीच न रंगवलेल्या ८३५ पैकी १५ गेली. नुसती फुली रंगवलेल्या ५४३ पैकी ४. दबा धरणाऱ्या प्राण्याला आपण दिसलो असं वाटलं की तो डाव सोडतो, असा तर्क. रंग दर काही आठवड्यांनी पुन्हा द्यावा लागतो, आणि कळपातली सगळीच रंगवली तर गुण टिकेल का हा प्रश्न उरतोच.

राखणदार कुत्रे: नामिबियात १९९४ पासून चित्त्याच्या भागात शेतकऱ्यांना अनातोलियन जातीची पिल्लं दिली जातात. पिल्लू आठेक आठवड्यांचं असतानाच कळपात सोडायचं, म्हणजे शेळ्या हेच त्याचं कुटुंब होतं. चित्ता भांडण टाळतो म्हणून हे चालतं. बिबट्याला मात्र कुत्रं हे भक्ष्य आहे, तिथे या भरवशावर राहू नका. आणि लसीकरण न केलेला कुत्रा जंगलाच्या कडेला आणू नका. १९९४ मध्ये सेरेंगेटीत डिस्टेंपरने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले, तो रोग मूळचा कुत्र्यांचा.

एवढं करूनही दिवसा चरताना होणारं नुकसान गोठ्याने थांबत नाही. त्याला गुराखीच लागतो, आणि तो शाळा बुडवणारा पोर नको.

सडेतोड

इतकं सगळं करण्यापेक्षा त्रासदायक प्राणी पकडून लांबच्या जंगलात का सोडत नाहीत? गावकरी तेच तर मागतात.

रानपाखरू

@सडेतोड, मागणी समजण्यासारखी आहे, परिणाम उलटा होतो. जुन्नर परिसरात २००१ पासून बिबटे पकडून हलवण्याचा सपाटा लागला. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, नंतरच्या काळात १७ पर्यंत गेले. रिकाम्या झालेल्या हद्दीत नवा, कोवळा बिबट्या येतो. हलवलेला प्राणी एकतर परत येतो, नाहीतर अनोळखी मुलखात भुकेपोटी वस्त्यांजवळ फिरतो. शिवाय जिथे सोडला तिथली पहिल्या रांगेतली घरं कुठे जातील? माणूस मारणारा ठराविक प्राणी ओळखून काढणं वेगळं, ते करावंच लागतं.

हिशेबनीस

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

भरपाई बुडते ती साधारण अशी. अर्ज, पंचनामा, सही, पुन्हा सही. यात शेळीच्या किमतीपेक्षा हेलपाट्यांचा खर्च जास्त होतो. मग लहान नुकसान लोक नोंदवतच नाहीत, आणि नोंद नाही म्हणून वरचे म्हणतात त्रास कमी झाला. दुसरीकडे, पूर्ण किंमत विनाअट मिळू लागली तर राखण सैल पडते. तिसरं म्हणजे देणगीचा पैसा संपतो. पैसा थांबला की राग आधीपेक्षा दुप्पट, कारण आता आशाही मोडलेली असते.

टिकलेल्या योजनांत पैसा थोडा तरी गावाचाच असतो. पाकिस्तानात बाल्टिस्तानमध्ये १९९९ पासून हिमबिबट्यासाठी गावकऱ्यांचा विमा चालला: प्रत्येक जनावरामागे पशुपालकाचा हप्ता, वरची भर पर्यटनातून आणि बाहेरून, आणि दाव्याचा निकाल गावसमितीकडे. खोटा दावा म्हणजे शेजाऱ्याच्या खिशातून चोरी, त्यामुळे पडताळणी आपसूक कडक होते. स्पितीत किब्बर गावीही २००२ पासून याच धर्तीची योजना आहे. नामिबियात २००३ पासून सामुदायिक क्षेत्रांनी स्वतःचा निधी चालवला, अटींसह: नुकसान २४ तासांत कळवा, जनावर रात्री कोंडवाड्यात असलं पाहिजे, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या आत चरताना गेलं तर पैसे नाहीत.

हप्ता कसा काढायचा? उदाहरण, आकडे फक्त समजण्यापुरते. वस्त्यांत १,००० शेळ्या आहेत. गेल्या तीन वर्षांत सरासरी ३० दरवर्षी बिबट्याने नेल्या, म्हणजे ३ टक्के. भरपाई किमतीच्या ६० टक्के ठरवली, तर वर्षाची गरज १८ शेळ्यांच्या किमतीएवढी, म्हणजे एकूण किमतीच्या १.८ टक्के. निम्मं बाहेरून आलं तर पशुपालकाचा हप्ता ०.९ टक्के. वाईट वर्षात नुकसान दुप्पट होतं, म्हणून सुरुवातीच्या ठेवीत दोन वर्षांची पूर्ण गरज, म्हणजे इथे ३६ शेळ्यांची किंमत, पडून असली पाहिजे. तुमचा एकरकमी पैसा शोभतो तो इथे. मुद्दल बँकेत, हात लावायचा तो वाईट वर्षीच, आणि पुढच्या दोन वर्षांत ते भरून काढायचं.

६० टक्केच का? पूर्ण किंमत दिली तर गोठा दुरुस्त करायची घाई उरत नाही. अर्ध्याखाली गेलात तर कोणी सामील होत नाही. केनियात म्बिरिकानी इथल्या निधीत (२००३) कोंडवाडा कच्चा असेल किंवा जनावर हरवून बाहेर राहिलं असेल तर रक्कम कापली जाते. ही कात्री मला फार पटते.

पडताळणीचा अवघड भाग म्हणजे जनावर खरंच बिबट्याने मारलं की आधीच मेलेलं त्याने खाल्लं. गळ्याजवळचं कातडं सोलून बघा. सुळ्यांच्या भोकांभोवती कातड्याखाली रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसला. रक्त नसेल तर मेल्यावर. भटक्या कुत्र्यांचे चावे मागच्या पायांवर, पुठ्ठ्यावर, फाटके आणि विखुरलेले असतात. बिबट्याचा चावा बहुधा गळ्यावर, नेमका. ओढत नेल्याची खूण, ठसे, आणि मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो. पाहणारे दोघे, दुसऱ्या वस्तीतले. आणि हे सगळं पहिल्या दिवशीच, कारण तरस आणि गिधाडं पुरावा खाऊन टाकतात.

आणखी एक वेगळी वाट आहे. स्वीडनमध्ये रेनडियर पाळणाऱ्या सामी गावांना १९९६ पासून नुकसानाचे पैसे मिळत नाहीत. त्यांच्या कुरणांत वुल्व्हरिन किंवा लिंक्स या शिकारी प्राण्यांनी पिल्लं घातल्याची नोंद झाली की गावाला ठरलेली रक्कम मिळते, रेनडियर किती गेले हे न विचारता. प्राणी असणं हेच उत्पन्न होतं, आणि जितकी राखण चांगली तितका गावाचा फायदा. मेलेलं जनावर शोधत फिरायला नको. पण पिल्लांची मोजणी विश्वासार्ह हवी, आणि ती करणारी यंत्रणा महाग पडते.

भरपाईच्या कुठल्याच तक्त्यात न येणारा खर्चही मोजा: राखणीच्या जागरणाचे महिने, मचाणावर डास, सरपणासाठी वाढलेली पायपीट (ती बहुतेक बायकांची), आणि भीतीपोटी न पेरलेलं शेत.

कडेचा_माणूस

हिशेबनीस, विम्याचं गणित जसंच्या तसं वापरतो. एक अडचण: पिकाच्या नुकसानाला असाच विमा बसेल का? आणि पहिल्या रांगेच्या शेतांना कुंपण झालं की डुकरं दुसऱ्या रांगेत जातात, त्यांचं काय?

हिशेबनीस

पिकाला हे गणित नीट बसत नाही. शेळी मोजता येते, पण डुकराने लोळवलेलं पीक कापणीपर्यंत किती आलं असतं यावर भांडण संपत नाही. शेताचे दहा-बारा समान पट्टे पाडून प्रत्येकातला उद्ध्वस्त भाग मोजणं बरं, पण कुंपणाचा हप्ता सामाईक घेणं त्याहून बरं.

तारवाला

दुसऱ्या रांगेचा प्रश्न बरोबर आहे. एकेकट्याचं कुंपण म्हणजे शेजाऱ्याच्या शेताकडे दाखवलेली वाट. लगतची शेतं एकत्र करून एकच वळसा घ्या: तारही कमी लागते, यंत्रही एकच. चौरस शेताला एकट्याने चार बाजू. चार शेतं मिळून चौरस केला तर प्रत्येकाला दोनच बाजूंची तार येते. हप्ता तारेच्या लांबीवर नको, क्षेत्रावर घ्या, नाहीतर कडेच्या शेतकऱ्यावरच बोजा पडतो. आणि प्राण्यांची पाण्याकडे जायची जुनी वाट मधून जात असेल तर ती मोकळी ठेवा. अडवलीत तर रोज तिथेच तार तुटेल.

वाटेकरी

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून.

आकडे देशोदेशी वेगळे. नेपाळमध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातले ३० ते ५० टक्के उद्यानाभोवतीच्या पट्ट्यातल्या समित्यांना देण्याची तरतूद आहे. युगांडात प्रवेश शुल्कातले २० टक्के लगतच्या स्थानिक संस्थांना. रवांडात २००५ मध्ये पर्यटन उत्पन्नाचे ५ टक्के सुरू झाले, २०१७ मध्ये १० केले. पण टक्केवारीवर भांडू नका, आधी हे बघा की टक्के कशाचे. नुसत्या प्रवेश शुल्काचे की मुक्काम, परवाने, हॉटेलांचे भाडे धरून? मोठी रक्कम बहुधा दुसऱ्या भागात असते.

मग हात. झिंबाब्वेत १९८९ मध्ये सुरू झालेल्या कॅम्पफायर कार्यक्रमात प्राण्यांच्या उत्पन्नाचा निदान अर्धा भाग ते उत्पन्न जिथून आलं त्या वस्त्यांना द्यायचा, असं मार्गदर्शक तत्त्व होतं. कायद्याने हक्क मात्र जिल्हा परिषदांकडे. हात आखडले की परिषदांनी पैसा ठेवून घेतला. नामिबियाने १९९६ च्या कायद्याने हक्कच नोंदणीकृत सामुदायिक क्षेत्राला दिला, त्यामुळे लॉजशी करार त्यांचा आणि पैसा थेट त्यांच्या खात्यात. पहिली चार क्षेत्रं १९९८ मध्ये नोंदली गेली, आज ८६ आहेत. फरक टक्क्यांचा नाही, खातं कोणाच्या नावावर याचा आहे.

आलेला पैसा शाळेच्या खोलीवर घातला तर फोटो चांगला येतो, पण ती खोली हत्ती ज्याच्या शेतात आला त्याची आणि ज्याने कधी हत्ती पाहिला नाही त्याचीही. म्हणून माझी सूचना: वाट्याचा पहिला हिस्सा विमा-निधी आणि कुंपणाच्या देखभालीला, उरलेला सार्वजनिक कामाला. आणि सगळी भिस्त पर्यटनावर ठेवू नका. २०२० मध्ये पर्यटक थांबले तेव्हा फक्त त्यावर उभ्या असलेल्या राखणदारांचे पगार आधी तुटले.

हक्कांचंही. १९९१ मध्ये युगांडात ब्विंडी उद्यान झालं तेव्हा तिथल्या बत्वा या आदिवासी लोकांना जंगलाबाहेर काढलं, आणि गोरिला पर्यटनाची मिळकत मुख्यतः दुसऱ्यांच्या हाती गेली. त्याच उद्यानात पुढे ठराविक पट्ट्यांत मधपेट्या ठेवायला, औषधी वनस्पती आणि टोपल्यांचे वेल आणायला नोंदणीकृत लोकांना परवानगी दिली गेली. चराई-सरपण पुन्हा सुरू करायचं तर असंच नेमकं लिहा: कोणती वस्तू, किती, कोणत्या महिन्यात, कोणत्या पट्ट्यात, कोण आणणार, आणि त्या पट्ट्यावर लक्ष कोण ठेवणार. "मर्यादित वापर" एवढंच लिहिलंत तर पहिल्या अधिकारी-बदलीत तो बंद होतो.

मेंढवाडा

एक सुचवतो. काहीही बांधण्याआधी एक हंगाम नुसती नोंदवही चालवा. नामिबियात गावचे राखणदार कागदी नोंदवहीच वापरतात, आणि महिन्याचा आलेख स्वतः भरतात, म्हणून आकडे गावातच राहतात. रकाने: तारीख, वेळ, वस्ती, शेत किंवा गोठा, प्राणी, पुरावा कोणता (ठसा, विष्ठा, डोळ्यांनी), नुकसान, त्या रात्री राखण होती का, दार बंद होतं का. शेवटचे दोन रकाने कोणालाच भरावेसे वाटत नाहीत, पण गोठा आधी की राखण आधी हे तेच सांगतात. पावसाळा सुरू व्हायच्या आत वह्या वाटा, कारण डुकरांचा पहिला धडाका पेरणीच्या बियाण्यावर असतो आणि तो निसटला तर वर्ष गेलं.